भिंतीच्या दोन्ही अंगांना वाढलेलं झाड

मी, खाली सही करणारी, धंद्याने कलमवाली, म्हणजे झाडांना कलमं बांधणारी, घड्याळजीची बायको (तो गेला तरी हे पद मी सोडलेलं नाही), लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्या भावाला शंका असल्यास त्याने तो वाचावा. त्याच्या स्वतःच्या डोक्याबद्दल असा दाखला कोणी दिल्याचं मला आठवत नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायला आले होते, पण चहा पिऊन गेले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि आजार पाहता यानंतरही करीन असं वाटत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, कुणाला काय द्यायचं एवढंच लिहायचं. का द्यायचं ते लिहायचं नसतं."

मी म्हटलं, "का ते लिहायचं नसेल तर मग मरण्यात मजा काय?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची खिडकीकडे ओढून बसल्या. तेव्हापासून मी लिहिते आहे.

वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये म्हणून मुद्दा आधीच सांगते. घर, पैसे, हत्यारं या किरकोळ गोष्टी आहेत. खरा प्रश्न परसातल्या झाडाचा आहे. ते चर्चच्या समितीला हवं आहे, आणि मी ते देणार आहे. पण माझी एक अट आहे. ती ऐकून समितीच्या घशात बी अडकेल.

पहिलं, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची रोपवाटिका हे सगळं माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीला. तिच्या घरी तिला हट्टी म्हणतात, माझ्याकडे हुशार म्हणतात. मुलगी एकच आहे. तिने बापाचा डोळा चुकवून कलम बांधायला शिकायला यायचं सुरू केलं, आणि पुढे बापाच्या डोळ्यांदेखत येऊ लागली. स्वयंपाकघराचं दार ओल्या हवेत फुगतं, ते लाथ मारून उघडावं; हळुवारपणाने ते कधीही उघडलेलं नाही. बँकेत जे आहे तेही तिचं. ते फार नाही, हे समितीने आतापासूनच लक्षात घ्यावं.

दुसरं, घड्याळजीचं सामान. त्याचं टेबल, भिंग, चिमटे आणि भिंतीवरची घड्याळं भाचीला. त्यांतलं एकही दुसऱ्याशी जुळत नाही. तो म्हणायचा, "दुसऱ्यांची दुरुस्त करायची म्हणजे आपल्याला वेळ कुठे?" फक्त एक लांब दांड्याची किल्ली समितीला द्यावी. ती चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची आहे. माझा नवरा दर आठवड्याला तो मनोरा चढायचा, किल्ली द्यायचा, तेल घालायचा, कबुतरांची घाण काढायचा. त्याने यासाठी कधी मोबदला मागितला नाही आणि समितीने कधी आभार मानले नाहीत, त्यामुळे हिशेब बरोबर सुटत असे. तो गेल्यापासून ते घड्याळ बंद आहे. किल्लीची चौकशी कोणी केली नाही. घड्याळ बंद आहे हे कळायला आधी कोणालातरी मान वर करावी लागते.

तो ख्रिस्ती नव्हता. म्हणजे कोणीच नव्हता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि करून घ्यायला त्याने नकार दिला. "चालू घड्याळ मी उघडत नाही," एवढंच त्याचं कारण. मी दर रविवारी चर्चला जायचे, तो फाटकापर्यंत पोचवायला यायचा आणि उपासना संपली की तिथेच उभा सापडायचा. आत आला तो फक्त जिन्याने, घड्याळासाठी.

तिसरं, जुना हिशेब. हा मी कोणाला वारसा म्हणून देत नाही, इथेच मिटवते आहे.

घड्याळजी गेला तेव्हा मी चर्चच्या आवारात त्याच्यासाठी जागा मागितली. समितीचा अध्यक्ष होता, आणि अजूनही आहे, माझा धाकटा भाऊ. बाहेर त्याला अध्यक्षसाहेब म्हणतात. घरात तो पिटू. तो माझ्या ओट्याजवळ उभा राहिला. बसला नाही, कारण बसलं की माणूस भाऊ होतो.

"ताई, नियम मी केलेला नाही."

"मग मोडायला तुझं काय जातं?"

"बाप्तिस्म्याची नोंद नाही. उद्या कोणीही येईल, म्हणेल आम्हालाही झोपू द्या."

"मेलेली माणसं अशी गर्दी करून येतात होय रे?"

"थट्टा नको करू. माझ्या हातात असतं तर..."

"पिटू, तुझ्याच हातात आहे. शिक्का तुझ्याच खिशात आहे, मला इथून त्याचा फुगवटा दिसतो."

तो खिशावर हात ठेवून निघून गेला. एवढंच झालं. आमच्यात भांडण झालं नाही, आवाज चढले नाहीत. फक्त त्यानंतर तो माझ्या घरात बसला नाही. वर चढायला बाप्तिस्मा लागत नव्हता. खाली झोपायला लागला.

मी नवऱ्याला विद्युतदाहिनीत नेलं. राख नदीत सोडली असं सगळ्यांना सांगितलं. तिचं खरोखर काय केलं ते पुढे येतं.

चौथं, झाड. इथून वाचणाऱ्याने जरा सावरून बसावं.

माझं परस आणि चर्चचं आवार यांच्यामध्ये एक भिंत आहे. भिंतीच्या माझ्या बाजूला एक लिंबूवर्गी झाड आहे. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मूळ झाड, रानलिंबाचा, काटेरी आणि चिवट. त्याच्यावर मी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जातींचे डोळे भरत गेले: संत्रं, मोसंबी, ईडलिंबू, महाळुंग, गोड लिंबू, कडू नारिंग आणि असे आणखी. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डोळा म्हणजे सालीसकट काढलेला कोंब. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, डोळा आत बसवायचा, पट्टी बांधायची. दोघांनाही जखम केल्याशिवाय दोघं एक होत नाहीत, मग झाड असो की नवराबायको.

आज एका खोडावर अकरा जातींची फळं आहेत. झाड वाढलं आणि निम्म्या फांद्या भिंत ओलांडून चर्चकडे गेल्या. आणि मग एका रविवारी नवीन फादर फांदीखाली उभे राहिले आणि मान वर करून म्हणाले, "अरे, हा तर जीवनवृक्ष!"

फादर भले आहेत, वाचलेलं मनावर घेतात. त्यांनी प्रवचन केलं. बायबलाच्या आरंभीच्या बागेत हे झाड मधोमध उभं होतं, ते म्हणाले. माणसाने दुसऱ्या झाडाचं फळ खाल्लं, आणि देवाने त्याला बाहेर काढून या झाडाच्या वाटेवर करूब, म्हणजे पहाऱ्याचे पंखवाले देवदूत, आणि धगधगती तलवार ठेवली. बायबलाच्या अखेरीस येणाऱ्या शेवटच्या नगरीत तेच झाड पुन्हा दिसतं, तेही नदीच्या दोन्ही तीरांवर, बारा जातींची फळं, महिन्याला एक, आणि पानं अशी की राष्ट्रं बरी व्हावीत. आणि या दोहोंच्या मध्ये क्रूस. तोही जीवनाचाच वृक्ष, फादर म्हणाले, कारण मेलेल्या लाकडाला फळ आलं.

मेलेल्या लाकडावर डोळा धरत नाही हे मी लहानपणापासून जाणते. पण एकदा धरला होता, यावर माझा विश्वास आहे. धंद्याच्या अनुभवाविरुद्ध मी एवढी एकच गोष्ट मानते, आणि ती मनापासून मानते. हे इथे लिहिते, कारण पुढचं वाचून समिती मला नास्तिक ठरवण्याची शक्यता आहे.

समितीने प्रवचनातलं बाकी सगळं सोडलं आणि झाड तेवढं धरलं. पहिल्या बैठकीत ठराव झाला की आपल्याकडे जीवनवृक्ष आहे. दुसऱ्या बैठकीत त्याला पाटी लावायचं ठरलं. पाटी रंगवणाऱ्याला सांगितलं, बागेतलं झाड काढ. त्याने झाडाला सफरचंदं काढली आणि खोडाला साप गुंडाळला. बागेत खास झाडं दोन होती, एक चाखायला मनाई केलेलं आणि एक जगवणारं, आणि सगळ्या समितीला मिळून त्यांतला फरक पाटी टांगेपर्यंत कळला नाही. मग सापावर हिरवा रंग मारला. आता ती एक वाकडी फांदी आहे, जिला उन्हात डोळे दिसतात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "जीवनवृक्ष. हात लावू नये."

मुलं भिंतीवर चढून फळं काढू लागली म्हणून पिटूने भिंतीच्या माथ्यावर सिमेंटात काचा बसवल्या. संध्याकाळच्या उन्हात त्या पेटल्यासारख्या दिसतात. करूब मिळाले नाहीत, तेव्हा त्याने समितीच्या खजिनदाराला खुर्ची देऊन तिथे बसवलं.

पानांचीही एक कथा आहे. गायनवृंदाच्या बाई रोज पानं उकळून पितात. आवाज होता तसाच आहे. राष्ट्रांचं मला माहीत नाही, पण समितीत जे दोन गट एकमेकांशी बोलत नाहीत ते याच झाडाच्या सावलीत एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. पानं रोज त्यांच्या डोक्यावर पडतात.

आणि बारा फळांची तर शरमच. झाडाला अकरा जाती आहेत, आणि वर्षाचे काही महिने ते सरळ रिकामं असतं, कारण ते झाड आहे, दुकान नाही. पण पत्रकात छापलं गेलं, बारा फळं, बारा महिने. मग नेमक्या रिकाम्या महिन्यात बिशप पाहायला आले. आदल्या दिवशी खजिनदाराने बाजारातून संत्री आणून हिरव्या दोऱ्याने फांद्यांना बांधली. बिशपांनी एक तोडलं. सोबत दोरा आला. फळावर फळवाल्याच्या नावा-पत्त्याचं चकचकीत लेबल होतं.

"देवाची करणी," खजिनदार म्हणाला.

बिशपांनी लेबल नखाने सोलून खिशात घातलं आणि म्हणाले, "हो ना. पत्ताही छापून पाठवतो."

मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. हसू दाबताना शिडीवरून पडले असते तर हे मृत्युपत्र राहून गेलं असतं.

आता अलीकडची गोष्ट. माझ्या आजाराचं कळल्यावर पिटू आणि खजिनदार दोघं आले. पिटू इतक्या वर्षांनी खुर्चीवर बसला. अगदी कडेला, पण बसला.

"ताई, झाड चर्चच्या नावाने करून दे. बुंधा, खालची जमीन, सगळं. तुझ्यामागे त्याची निगा राखली जाईल."

"आणि?"

खजिनदार पुढे सरसावला. "बाई, तुमच्यासाठी आवारात पहिल्या रांगेत जागा राखून ठेवली आहे."

"पहिल्या रांगेत? नाटक कोणतं आहे?"

खजिनदाराने चहात तोंड लपवलं. पिटूला मात्र हसू फुटलं. लहानपणी फुटायचं तसंच, नाकातून. मग त्याने ते रुमालात घेतलं.

मी म्हटलं, "विचार करते." तो विचार असा.

झाड, त्याचा बुंधा, आणि बुंध्यापासून भिंतीपर्यंतची सगळी जमीन मी चर्चला देते. अट अशी: माझ्या परसाची ही पट्टी आणि चर्चचं आवार यांच्यामधली भिंत, काचांसकट, पाडून टाकावी. पट्टी आवारात सामील करावी. फादरांनी आशीर्वाद देऊन ती उरलेल्या आवारासारखीच पवित्र भूमी करावी. आणि तिथे पुन्हा भिंत, कुंपण, फाटक, साखळी, पाटी किंवा खजिनदार ठेवू नये. शेवटच्या नगरीच्या वेशी बंद होत नाहीत असं फादरच म्हणाले होते. मी नीट ऐकत होते.

हे करण्याआधी समितीला एक माहिती असली पाहिजे. फसवून दिलेलं दान मला नको.

घड्याळजीची राख नदीत गेलेली नाही. ज्या दिवशी पिटू खिशावर हात ठेवून निघून गेला, त्यानंतर मी भिंतीला लागून खड्डा खणला, राख त्यात घातली आणि वर रानलिंबाचा खुंट लावला. आमचे वडील, माझे आणि पिटूचे गुरू, डोळे भरता भरता एक जुनी गोष्ट सांगायचे: आदाम मरायला टेकला तेव्हा त्याचा मुलगा बागेच्या वाटेवर गेला आणि पहारेकऱ्याकडून जीवनवृक्षाचं एक बी मागून आणलं. मेलेल्या बापाच्या तोंडात ते ठेवून त्याला पुरलं. त्यातून झाड आलं, आणि पुढे त्याच झाडाचा क्रूस झाला. लग्नानंतर मी ती घड्याळजीला सांगितली होती. तो म्हणाला होता, "म्हणजे तलवारवाल्या पहारेकऱ्यालाही पाझर फुटला. चांगला माणूस असणार."

माझ्यापाशी त्या बागेतलं बी नव्हतं. रानलिंबू होतं. तेच लावलं.

तेव्हा, समितीच्या माननीय सदस्यांनो, ज्या झाडाची फळं तुम्ही वेदीवर ठेवता, ज्याची पानं उकळून पिता, ज्याच्या सावलीत पत्रकं वाटता, त्याच्या मुळाशी तो माणूस आहे ज्याला तुम्ही दारातून परत पाठवलंत. फळ गोड आहे असं तुम्हीच वारंवार म्हटलं आहे, ठरावासहित. भिंत पाडलीत की तो आपोआप आवारात येतो. त्याला कोणाच्या परवानगीने उचलून आणायला नको, नोंद नको, शिक्का नको. त्याला जागचं हलायचंदेखील नाही. फाटकाशी उभं राहायची सवय त्याला होती. यावेळी फाटक त्याच्याकडे येईल.

पाचवं, अट मान्य नसल्यास. कोणावर जबरदस्ती नाही. मग झाड आणि जमीन भाचीची, आणि भिंत आहे तशी राहील. फक्त चर्चच्या बाजूला गेलेल्या फांद्या भाचीने भिंतीच्या रेषेत छाटून घ्याव्यात. करवत तिच्याकडे आहे आणि हात स्वच्छ चालतो. पाटी तिथेच असू द्यावी. "हात लावू नये" असं आकाशाकडे बोट दाखवून सांगणारी पाटीही कमी प्रेक्षणीय नाही. जीवनवृक्ष का गेला, हे मग समितीने रविवारी लोकांना आपल्या शब्दांत सांगावं.

काय ठरतं ते बंद खोलीत ठरू नये. चौथा आणि पाचवा भाग उपासना संपल्यावर झाडाखाली सगळ्यांसमोर वाचला जावा. वाचणारा माझा भाऊ असावा. खजिनदाराला वाचू देऊ नये, तो दोरा बांधेल.

सहावं, मी. पहिल्या रांगेतली जागा मी आभारपूर्वक परत करते. ती गायनवृंदाच्या बाईंना द्यावी, म्हणजे शेजारच्यांना जरा सोबत होईल. माझं दहन करावं आणि राख त्याच झाडाच्या बुंध्याशी घालावी. माझा बाप्तिस्मा झालेला आहे, नोंद चर्चमध्येच आहे, आणि मला पवित्र भूमी हवी आहे. हेही मी थट्टेने लिहीत नाही. मला माझा देवही हवा आहे आणि माझा नवराही, आणि दोघांना भेटायला दोन ठिकाणी जायचं आता माझ्याने होणार नाही. फादरांना मी विचारलं, जमीन पवित्र झाली की खाली जे असेल तेही झालं का? ते म्हणाले, "मी पाणी शिंपडणार वरून. ते कुठवर झिरपतं हे माझ्या हातात नाही."

या माणसाला बिशप करावं अशी माझी शिफारस आहे, पण तो अधिकार मृत्युपत्रात येत नाही असं वकीलबाई म्हणतात.

सातवं आणि शेवटचं, कलमाची सुरी. वडिलांची. हाडाच्या मुठीची, पातं झिजून पान झालेली. ती मी भाचीला दिलेली नाही, तिला तिची आहे. ही पिटूला.

पिटू, हा भाग तू मोठ्याने वाचू नकोस.

झाडाला बारावं फळ नाही कारण मी ती फांदी राखून ठेवली आहे. चर्चच्या बाजूला, पाटीच्या जरा वर, अंगठ्याएवढी जाड, सरळ. तिच्यावर मी कधी सुरी लावली नाही. बारावं फळ तुझ्या अंगणात आहे. वडिलांनी लावलेला पपनस, वाटणीत तुझ्याकडे गेलेला. मला त्याचा डोळा हवा होता. मागितला असता तर तू दिला असतास, म्हणून मागितला नाही.

भिंत पडली की तो डोळा तू आणून भर. भाचीकडून करून घेऊ नकोस, तुला येतं. बोटं विसरत नाहीत. शिक्के मारून जरा आखडली असतील तेवढीच.

आणि एक. लहानपणी आपण दोघं एकाच वेळी डोळे भरायचो. माझे धरायचे, तुझे सुकायचे. तू रडायचास, वडील म्हणायचे पोराचा हात जड आहे. हात जड नव्हता. तू रोज सकाळी गुपचूप पट्टी सोडून आत बघायचास, धरलं का, धरलं का. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण माझे धरत होते ना. पण तू मोठा होऊन तेच केलंस. कोण आतून धरलं आहे आणि कोण नाही, हे सगळ्यांची पट्टी सोडून बघत बसलास.

या वेळी पट्टी बांध आणि घरी जा. बघायला येऊ नकोस. वेळेकडे लक्ष ठेवायला तो तिथे आहेच.

हे सगळं माझ्या हातचं आहे, मी वाचून पाहिलं आहे, आणि यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. खजिनदाराबद्दलचा एक कमी करावा असं वकीलबाईंचं मत पडलं. तो ठेवला आहे.

सही: कलमवाली, घड्याळजीची बायको

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. (माझ्यासमोर सही झाली. सही करणारीचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे.)

साक्षीदार दुसरे: टपालवाले काका. (यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. इथे येता-जाता खाल्लेली मोसंबी धरू नये.)

लेखन तपासणाऱ्या: वकीलबाई. (हरकतींसह.)

ठिकाण: झाडाखालचा बाक, सध्या भिंतीच्या अलीकडे.

तारीख: वकीलबाईंनी वर शिक्क्यात घातली आहे. माझ्या हिशेबाने, कडू नारिंगाला फूल आलं तो आठवडा.